सेवेचे तास भरायचेत? सोलापुरातल्या मुलांनी सुरुवात कुठून करायची

दरवर्षी जानेवारीच्या शेवटी, गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेतल्या जत्रेची, गर्दी ओसरली आणि पूर्वपरीक्षेचे पेपर संपले, की कुणी ना कुणी पालक मला कॉलेजच्या जिन्यात गाठतात. यंदाचे गृहस्थ साखर पेठेतले होते. मुलगा अकरावीत. "मॅडम, पोराला समाजसेवेचं चाळीस तासांचं सर्टिफिकेट पाहिजे, कुठं मिळतंय?" मी विचारलं, तास झालेत का? तर म्हणाले, "तेच तर पाहिजेत की!"

मी ज्युनिअर कॉलेजात शिकवते आणि बरीच वर्षं राष्ट्रीय सेवा योजनेचं युनिट सांभाळते, म्हणून हा प्रश्न फिरून फिरून माझ्याकडेच येतो. जानेवारीत त्याला उत्तर नसतं. जूनमध्ये असतं, आणि सोपं असतं. म्हणून शाळा सुरू होता होताच हे लिहून काढतेय. नववी ते बारावीच्या मुलांसाठी, आणि त्यांना गाडीवर सोडायला जाणाऱ्या आईवडिलांसाठीही.

आधी बघा, तास मागितलेत कुणी

सगळीकडे एकच नियम असणार असं धरून लोक कामाला लागतात आणि तिथंच गफलत होते. साखर पेठेतल्या त्या गृहस्थांना खोदून विचारलं तेव्हा कळलं, की चाळीसचा आकडा त्यांच्या टोरंटोतल्या मेहुण्यांकडून आला होता. कॅनडाच्या ऑंटारिओ प्रांतात शाळा पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र मिळायला ४० तास सेवा लागते, हे खरं आहे. अमेरिकेत मेरीलँड राज्यात ७५ तास लागतात, तेही खरं. पण हे तिथल्या शाळांत शिकणाऱ्यांसाठी. सोलापुरात बारावी करून तिकडच्या कॉलेजला अर्ज करणाऱ्या मुलावर ऑंटारिओच्या शाळेचा नियम लागत नाही. अमेरिकेतली पुष्कळ कॉलेजं ज्यातून अर्ज घेतात त्या ‘कॉमन ॲप’मध्ये जास्तीत जास्त दहा उपक्रम लिहायला जागा असते. प्रत्येकापुढे विचारतात ते आठवड्याला किती तास आणि वर्षातले किती आठवडे. म्हणजे एका मे महिन्यात रेटून भरलेले चाळीस तास तिथे लगेच उघडे पडतात.

आपल्याकडचं गणित वेगळं. राज्य मंडळाच्या दहावीच्या गुणपत्रिकेत सेवेच्या तासांचा रकाना नसतो. शाळेत स्काउट-गाइड, हरित सेना किंवा आरएसपी (रस्ता सुरक्षा दल) असेल तर त्यांची हजेरी त्या त्या सरांकडे असते. अकरावीला राष्ट्रीय सेवा योजनेत नाव घातलं, की मात्र आकडा पक्का असतो: दोन वर्षांत २४० तास, म्हणजे वर्षाला १२०, आणि एक सात दिवसांचं निवासी शिबिर. त्या १२० मध्ये साधारण २० तास माहिती-प्रशिक्षणाचे, ३० कॉलेजच्या आवारातले आणि ७० बाहेर वस्तीत. मुलं पहिले पन्नास हसतखेळत करतात आणि बाहेरच्या सत्तरला अडखळतात. १९६९ पासून ही योजना चालू आहे, आणि अडखळायची जागा तेव्हाही हीच असणार असा माझा अंदाज आहे.

सीबीएसईला आरोग्य व शारीरिक शिक्षणाच्या विषयात ‘सेवा’ नावाचा भाग आहे. आयसीएसईला एसयूपीडब्ल्यू (समाजोपयोगी उत्पादक काम) आणि समाजसेवेची श्रेणी शाळा देते, आणि ती नसली तर उत्तीर्णतेचं प्रमाणपत्र अडतं. आयबी या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या ‘कॅस’मध्ये (सर्जनशीलता, शारीरिक उपक्रम आणि सेवा) आता तास मोजत नाहीत, पण काम किमान अठरा महिने चालू दिसावं लागतं. तुम्ही यांपैकी कुठल्या खोलीत बसलाय ते वर्गशिक्षकांना विचारा आणि उत्तर लिहून घ्या: किती तास, कधीपर्यंत, सही कुणाची चालते, काय चालत नाही. पगार घेऊन केलेलं, घरच्या दुकानातलं आणि नात्यातल्या माणसाने सही केलेलं काम बहुतेक ठिकाणी धरत नाहीत.

मग रविवार मोजा

जूनच्या तिसऱ्या आठवड्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत साधारण २८ रविवार मिळतात. गणपती, दिवाळी, घटक चाचणी आणि घरातलं एखादं लग्न यांचे आठ वजा करा. उरले २०. दर रविवारी दोन तास म्हटले तरी ४० झाले आणि जानेवारी कोरी राहिली. १२० करायचे असतील तर शनिवार दुपार जोडा आणि दिवाळीच्या सुट्टीतला एक आठवडा धरा.

"मे महिन्यात भरून काढतो" असं म्हणणाऱ्या मुलांना मी एकच विचारते, मे महिन्यात दुपारी बाराला सात रस्ता चौकात उभा राहून बघितलास का? पारा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकतो. सकाळी सात ते नऊ एवढीच कामाची वेळ उरते, आणि सुट्टीत सातला उठणारं पोर मी अजून बघायचीय.

जागा सायकलच्या टप्प्यातली

जुळे सोलापुरातल्या एका मुलीने अक्कलकोट रोडच्या पलीकडची जागा निवडली, कारण मैत्रीण तिथे जात होती. तीन रविवार वडिलांनी सोडलं, चौथ्या रविवारी वडिलांना काम निघालं, पाचव्याला पाऊस. संपलं. घरापासून सायकलने पंधरा मिनिटांत पोचता येईल अशीच जागा बघा. काम थोडं कमी आवडीचं असलं तरी चालेल, वाट मात्र जवळची हवी.

सोलापुरात मुलांना जमण्यासारखी कामं कुठली, ते माझ्या अनुभवातून सांगते. सगळ्यांवर सारखं लिहीत नाही, कारण सगळी सारखी नाहीत.

*लेखनिक.* माझ्या मते नववीच्या मुलासाठी याहून चांगलं काम नाही, आणि याचाच विचार सगळ्यात कमी होतो. दृष्टिहीन किंवा हाताने लिहू न शकणाऱ्या परीक्षार्थीला लेखनिक, म्हणजे तो सांगेल ते उत्तरपत्रिकेत लिहिणारा, मिळतो. तो परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला असावा लागतो, म्हणून दहावीच्या मुलाला नववीचा किंवा त्याखालचा. मंडळाच्या परीक्षेसाठी परवानगी शाळेमार्फत पुणे विभागीय मंडळाकडून येते, कारण सोलापूर त्याच विभागात आहे. त्यामुळे आयत्या वेळी "मी येतो" म्हणून उपयोग नाही. दिवाळीच्या आधीच शाळेत नाव देऊन ठेवायचं. परीक्षार्थीला तासाला वीस मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा होतो. तेवढा वेळ बसायची तयारी हवी.

आमच्या ओळखीतली एक नववीतली मुलगी पहिल्यांदा लेखनिक म्हणून बसली तेव्हा सराव पेपरला तिची फजिती झाली. सांगणारी मुलगी म्हणाली "पूर्णविराम", आणि हिने ‘पूर्णविराम’ असा शब्दच लिहिला. दुसरी चूक याहून मोठी: इतिहासातलं एक साल चुकलेलं ऐकून हिने गुपचूप बरोबर करून लिहिलं. ते चालत नाही. जसं सांगतील तसंच लिहायचं, चुकीचंसुद्धा. प्रश्न दोनदा वाचायचा, गुण किती ते सांगायचं, पर्याय असतील तर सगळे वाचून दाखवायचे, आणि आकृतीचा प्रश्न आला तर पर्यवेक्षकांना विचारायचं. सराव पेपरांचे दोन-तीन रविवार आणि परीक्षेचे दिवस मिळून वीस-पंचवीस तास सहज होतात. शिवाय पुढच्या वर्षी स्वतः पेपर लिहिताना वेळेचा अंदाज येतो तो वेगळाच.

*झाडं.* इथे माझं थोडं भांडण आहे. ५ जूनला रोप हातात घेऊन फोटो काढायला दहा जण असतात, एप्रिलमध्ये त्याच रोपाची वाळकी काठी बघायला कुणी नसतं. आमच्या युनिटमध्ये मी रोप लावायचे तास धरतच नाही, पाणी घालायचे धरते. विजापूर रोडच्या बाजूचा मोकळा भूखंड असो, शाळेचं कुंपण असो की सोसायटीची कड, आधी लावलेली आणि तगून राहिलेली दहा झाडं दत्तक घ्या. दर झाडाभोवती हातभर रुंदीचं आळं करा. त्यात उसाचं पाचट किंवा वाळका पाला घाला. आपल्या जिल्ह्यात पाचटाला तोटा नाही. पाणी पावसाळा संपल्यावर आठवड्यातून दोनदा, उन्हाळ्यात शक्य तर एक दिवसाआड, झाडाला एक बादली. सकाळी सातच्या आत.

आता पाणी आणायचं कुठून, हा सोलापुरातला खरा प्रश्न. नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे घरच्या पिंपातलं पाणी झाडाला घातलंत तर आजी काय म्हणेल ते तुम्हाला माहीत आहे. आमच्या एका मुलाने पेठेतल्या चार घरांत आणि एका हॉटेलात सांगून ठेवलं: पाणी शुद्ध करायच्या मशिनमधून वाया जाणारं पाणी कॅनमध्ये साठवा, मी सकाळी नेतो. वीस लिटरचा कॅन सायकलच्या कॅरियरला ट्यूबने बांधून तो दोन खेपा करायचा. झाकण सैल असल्यामुळे पहिल्या दिवशी अर्धं पाणी पँटवर. मग झाकणाखाली प्लास्टिकची पिशवी लावली. आठ महिन्यांनी दहापैकी सात झाडं जगली होती. वहीत त्याने मेलेल्या तिघांची तारीखही लिहिली होती, आणि मला तीच नोंद सगळ्यात आवडली.

*वाचनालय.* हिराचंद नेमचंद वाचनालयासारखं जुनं ग्रंथालय असो की पेठेतलं एका खोलीचं, कपाटांत दाखल अंकाप्रमाणे (पुस्तकाच्या नोंदणी क्रमांकाप्रमाणे) नसलेली पुस्तकं सगळीकडे असतात. ती लावणं, सुटलेली पानं डकवणं, धूळ झटकणं, एवढं काम वर्षभर पुरतं. शांत मुलांसाठी उत्तम.

*लहान मुलांना वाचून दाखवणं.* इथे सोलापूरचा एक फायदा आहे जो पुण्या-मुंबईच्या मुलांना नाही. पूर्व भागात घरी तेलुगू, शाळेत मराठी. दुसऱ्या गल्लीत कन्नड, पलीकडे उर्दू. कुंभारीच्या विडी घरकुलात किंवा महापालिकेच्या एखाद्या शाळेत दुसरी-तिसरीच्या पाच मुलांना गोष्ट मराठीत वाचून अडला शब्द तेलुगूत सांगणारी ताई मिळाली, तर त्या मुलांचं वाचन तीन महिन्यांत वेगळं दिसतं. पाचच मुलं घ्या. पंधरा घेतलीत तर ती शिकवणी न राहता आरडाओरडा होतो.

*सिव्हिल.* छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय असं पूर्ण नाव कुणी घेत नाही, सगळ्यांचं सिव्हिलच. विजयपूर, कलबुर्गीकडून येणाऱ्या नातेवाइकांना केसपेपरची खिडकी कुठे आणि एक्स-रे कुठे हे कन्नडमध्ये सांगणारं माणूस लागतं. पण अठरा वर्षांखालच्या मुलांनी वॉर्डात फिरायचं नाही. समाजसेवा अधीक्षकांची परवानगी, सोबत मोठं माणूस आणि काम फक्त बाहेरच्या मदत टेबलावर, एवढं असेल तरच जा. ओपीडी सकाळची, त्यामुळे हे सुट्टीतलंच काम.

रक्तदान शिबिरात मुलं उत्साहाने जातात आणि दारातून परत येतात, कारण रक्त द्यायला १८ वर्षं पूर्ण लागतात. नोंदणीच्या टेबलावर अर्ज भरून देणं, रक्त दिलेल्याला बिस्किट-सरबत देऊन दहा मिनिटं बसवून ठेवणं, हे काम मात्र तुमचंच.

*म्हातारी माणसं आणि मोबाइल.* नोव्हेंबरात पेन्शनरांना हयातीचा दाखला द्यायचा असतो आणि तो आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतो. गिरणीतून निवृत्त झालेल्या आजोबांना ते जमवून देणं हे मुलांच्या हातचं काम आहे. दोन अटी पाळा. ओटीपी त्यांच्या फोनवर त्यांनीच वाचायचा आणि त्यांनीच टाकायचा. आणि आधारचा, पासबुकाचा फोटो तुमच्या फोनमध्ये एक क्षणही नको. घरातलं मोठं माणूस शेजारी बसलेलं असू दे. पुढे कधी खात्यात काही गडबड झाली तर पहिलं नाव तुमचं निघेल, म्हणून हे बजावून सांगतेय.

*गर्दीची कामं.* जानेवारीत सिद्धेश्वर यात्रा आणि होम मैदान, आषाढात गजानन महाराजांची पालखी सोलापुरात मुक्कामी, कोजागिरीला तुळजापूरला पायी जाणाऱ्यांची रात्रभर रांग, अनंत चतुर्दशीला निर्माल्य. पाणी वाटा, ग्लास गोळा करा, हरवलेल्या पोराला पोलीस चौकीपर्यंत न्या. निर्माल्य घ्यायला काठावर उभं राहायचं, पाण्यात उतरायचं नाही, पोहता येत असलं तरी. मजा येते, पण एका दिवसाचे तीन तासांपेक्षा जास्त मी धरत नाही, आणि बारावीच्या मुलांना गड्ड्याच्या दिवसांत पाठवत नाही. तुळजापूरच्या वाटेवर एक निरीक्षण: पाणी वाटायला शंभर हात असतात, पहाटे रस्त्याच्या कडेचे ग्लास उचलायला चार. तुम्ही त्या चारांत जा, तिथं कुणी तुम्हाला हाकलणार नाही. (तसं बघितलं तर ज्या गावात तळंच सिद्धरामेश्वरांनी लोकांच्या श्रमातून खोदलं असं सांगतात, तिथं तास मोजत बसायची थोडी लाजच वाटते. पण मोजावे लागतात, तर नीट मोजू.)

विचारायला जाताना

फोन आणि मेसेजवर नकार सोपा असतो. समक्ष जा, तेही दुपारी एकला नाही. मंगळवार-बुधवारी साडेदहा-अकराला जा, तेव्हा माणसं जरा निवांत असतात. आई किंवा वडिलांना सोबत न्या पण बोलायचं तुम्हीच. मुलगा मान खाली घालून उभा आणि वडील बोलतायत, हे दृश्य बघितलं की समोरचा मनात नाही म्हणून मोकळा होतो.

पहिलं वाक्य "सर्टिफिकेट देता का?" हे नको. असं बोला:

"नमस्कार काका. मी अकरावीत आहे, इथं जवळच राहते. दर रविवारी सकाळी दोन तास मला येता येईल, डिसेंबरपर्यंत. तुमच्याकडं कुठलं काम माणूस नाही म्हणून पडून आहे?"

शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. पडून राहिलेलं काम प्रत्येकाकडे असतं, आणि ते आठवलं की समोरच्याचा चेहराच बदलतो. त्यानंतर वहीवर सही लागेल हे सांगा.

सोबत अर्ज दोन प्रतींत न्या. एक त्यांना द्या, दुसऱ्यावर पोच म्हणून सही-शिक्का आणि तारीख घ्या. मजकूर एवढा पुरे:

प्रति,
मा. ग्रंथपाल / मुख्याध्यापक / व्यवस्थापक,
(संस्थेचं नाव), सोलापूर.

विषय : दर रविवारी विनामोबदला काम करण्याची परवानगी मिळणेबाबत.

महोदय/महोदया,
मी (नाव), इयत्ता (…), (शाळा/कॉलेज) येथे शिकत आहे. आपल्या संस्थेत दर रविवारी सकाळी ८ ते १० या वेळेत, दि. … पासून दि. … पर्यंत, मी विनामोबदला काम करू इच्छितो/इच्छिते. झालेल्या कामाची नोंद मी वहीत ठेवीन व त्यावर त्याच दिवशी आपली सही घेईन. माझ्या पालकांची संमती खाली आहे. तरी परवानगी मिळावी, ही विनंती.

आपला/आपली विश्वासू,
(सही)
पालकांची सही व फोन नंबर

पहिल्या ठिकाणी नाही म्हणाले तर रुसू नका. तीन ठिकाणं लिहून निघा, एक जमतंच.

वही

शंभर पानी, जाड पुठ्ठ्याची. सुटे कागद नकोत, मोबाइलमधली नोंदही नको. उभ्या रेघा मारून सात रकाने करा: अनुक्रमांक, तारीख, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, काय केलं, आजवरचे एकूण तास, सही. येण्या-जाण्याचा वेळ धरायचा नाही. चहाची वीस मिनिटं झाली तर तीही वजा. ‘काय केलं’मध्ये ‘मदत केली’ असं लिहू नका, त्याला काही अर्थ नाही. ‘कपाट क्र. ४, तिसरा आणि चौथा कप्पा, ११२ पुस्तकं दाखल अंकाप्रमाणे लावली, ९ सापडली नाहीत’ असं लिहा.

सही त्याच दिवशी. हे मी माझ्या भाचीच्या अनुभवातून शिकले. ती एका संस्थेत रविवारी जायची, तिथले व्यवस्थापक फार भले, म्हणायचे, "असू दे गं, शेवटी एकदम सही करतो." सप्टेंबरात त्यांनी ती संस्था सोडली. नवे आले ते म्हणाले, मी तुला कधी बघितलं नाही, मी सही कशी करू? त्यांचंही चूक नव्हतं. २६ तास गेले. पोर दोन दिवस जेवली नाही आणि तिसऱ्या दिवशी त्याच जागी नव्या वहीने सुरुवात केली. मी असते तर गेले नसते.

शेवटचं पत्र संस्थेच्या लेटरहेडवर घ्या. त्यात तुमचं पूर्ण नाव, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, एकूण तास, कामाचं स्वरूप दोन ओळींत, सही करणाऱ्याचं नाव आणि पद, जावक क्रमांक, शिक्का. ‘मनमिळाऊ व होतकरू’ असं लिहिलं तर छानच, पण तारखा आणि तास नसतील तर नुसत्या होतकरूने काम होत नाही. वय १५ पूर्ण असेल तर केंद्र सरकारच्या ‘माय भारत’ पोर्टलवर नाव नोंदवता येतं, तिथेही सेवेच्या संधी दिसतात. वहीची गरज त्याने संपत नाही.

हे करू नका

तास विकणारे निघालेत. घरबसल्या अर्ज भरा, चारपाचशे रुपये भरा, ‘सोशल इंटर्नशिप’चं रंगीत सर्टिफिकेट घ्या. माझ्या टेबलावर आलं की मी एकच विचारते, रविवारी सकाळी कुठं जात होतास? तिथंच गाडी अडते. सेवेसाठी पैसे भरायचे नसतात. तुमचा खर्च म्हणजे वही, टोपी, पाण्याची बाटली, हातमोजे आणि सायकलचं पंक्चर.

बालगृहात किंवा वस्तीत गेलात तर मुलांचे फोटो काढून स्टेटसला लावू नका. बालगृहातल्या मुलाची ओळख उघड करायला बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ ने बंदी आहे, आणि ‘चांगल्या हेतूने टाकला’ ही सबब तिथे चालत नाही. पुरावा हवाच असेल तर तुम्ही लावलेल्या कपाटाचा फोटो काढा, आळ्याचा काढा.

एकट्याने जाऊ नका, जोडीने जा. पहिल्या रविवारी घरच्यांनी जागा आतून बघून यावी, कुलूप कुणाकडे असतं आणि बाथरूम कुठे आहे इथपर्यंत. दार लावून एकट्याने कुणासोबत बसायची वेळ आली तर उठून बाहेर या आणि घरी सांगा, समोरचा कितीही मोठा आणि प्रतिष्ठित असो. गटारात उतरणं, काचा हाताने उचलणं, विजेच्या बोर्डाजवळ जाणं, मोकाट कुत्र्यांना पकडणं, यातलं काहीही कुणी सांगितलं तरी नाही म्हणा. अंधार पडायच्या आत घरी.

एखाद्या रविवारी येता येणार नसेल तर शनिवारी फोन करा. न सांगता दोनदा दांडी मारलीत तर तिसऱ्यांदा ते तुमच्यासाठी काम काढून ठेवत नाहीत, आणि मग तुम्ही कोपऱ्यात बसून मोबाइल बघता. तो वेळ मी तास म्हणून धरत नाही.

शेवटचा रविवार

काम सोडताना एक कागद लिहून ठेवा, तुमच्यानंतर येणाऱ्या मुलासाठी: कुठपर्यंत आलोय, कुठल्या झाडाच्या आळ्यातून पाणी वाहून जातं, कुठली मुलगी जोडाक्षराला अडते, डिंकाची बाटली कुठल्या कप्प्यात आहे. पत्र त्याच दिवशी मागा, परीक्षेनंतर नको. आणि जमलं तर तुमच्या जागी येणाऱ्याला सोबत नेऊन ओळख करून द्या. आमच्या युनिटमधली दोन ठिकाणं अशीच एका मुलाकडून दुसऱ्याकडे जात चार वर्षं टिकलीत.

साखर पेठेतला तो मुलगा आता बारावीला गेला. जवळच्याच एका वाचनालयात जातोय. मागच्या सोमवारी वही दाखवायला आला, पहिल्याच ओळीत वेळ ८.२५ ते १०.००. मी विचारलं, आठला जायचं ठरलं होतं ना? म्हणाला, "गेलो होतो की मॅडम, चावी वॉचमनकडं होती आणि वॉचमन चहाला." पंचवीस मिनिटं पायरीवर बसला होता, ती त्याने धरली नव्हती. चावी शनिवारी संध्याकाळीच घेऊन ठेव, म्हणून सांगितलंय.